'रॅग्ड डिक'ची एक प्रत : १८६८ की १८७१?

खोका उघडला तेव्हा आई समोरच बसली होती. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला माझ्याकडे ती दर उन्हाळ्यात दोन महिने येते. सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात तिची सगळी नोकरी झाली. पुस्तक हातात आलं की ती आधी ते उघडत नाही, कणा बघते. तिनं तसंच केलं. जांभळ्या कापडाची बांधणी, कण्यावर ऊन लागून तपकिरी पडलेली. सोनेरी अक्षरं अजून वाचता येत होती. वर 'रॅग्ड डिक', होरेशो अ‍ॅल्जरच्या मुलांसाठीच्या कादंबरीचं नाव, तळाशी 'लोरिंग', प्रकाशकाचं.

विक्रेत्यानं वर्णनात लिहिलं होतं : पहिली आवृत्ती, बॉस्टन, १८६८. त्यासाठी मी साडेतीनशे डॉलर मोजले होते. या पुस्तकाची खरी पहिली प्रत बाजारात हजारो डॉलरना जाते, हे मला माहीत होतं. विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे हे कळलेलं नसावं, असं मी मनाशी धरलं. त्या आनंदात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, तो आईनं विचारला.

"अगं, पण आवृत्ती कुठे लिहिलीय?"

कुठेच लिहिलेली नव्हती. आपल्याकडच्या पुस्तकात शीर्षकपानाच्या मागे बघायची सवय असते. पहिली आवृत्ती अमुक, दुसरी अमुक, पुनर्मुद्रण अमुक. मराठी प्रकाशक आवृत्त्या अभिमानानं मोजतात, कारण दुसरी आवृत्ती निघणं ही मिरवण्याची गोष्ट असते. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी बालपुस्तकांचे प्रकाशक असं सहसा काही लिहीत नसत. माझ्या प्रतीच्या शीर्षकपानावर सालसुद्धा नव्हतं. मागच्या बाजूला एकच मजकूर होता : काँग्रेसच्या कायद्यानुसार १८६८ साली ए. के. लोरिंग यांच्या नावे, मॅसॅच्युसेट्स जिल्हा न्यायालयाच्या कारकुनाच्या कचेरीत नोंदवलेलं. विक्रेत्याचं १८६८ एवढ्यावरूनच आलेलं होतं.

त्या नोंदीतून कळतं ते इतकंच, की पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) १८६८ मध्ये नोंदवला गेला. ही प्रत छापखान्यातून कधी बाहेर पडली, याबद्दल ती ओळ काही बोलत नाही. का बोलत नाही, ते छपाईची पद्धत पाहिल्यावर समजतं. अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घेऊन धातूची प्लेट बनवत आणि खिळे सोडवून पुढच्या कामाला लावत. पुस्तक खपलं की प्लेटा पुन्हा यंत्रावर चढवायच्या. नवी जुळणी नाही, नवे मुद्रितशोधन नाही, म्हणून नवी तारीखही नाही. १८७० च्या जुलैत कायदा बदलला आणि हक्कांची नोंद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. त्यानंतरच्या नव्या पुस्तकांत त्या ओळीचा मजकूर बदललेला दिसतो. 'रॅग्ड डिक'ची ओळ मात्र जुन्या प्लेटेवर जशी होती तशीच राहिली. लोरिंगचं दिवाळं १८८१ मध्ये निघालं. त्याच्या प्लेटा फिलाडेल्फियाच्या पोर्टर अँड कोट्सकडे गेल्या, तिथून हेन्री टी. कोट्सकडे, आणि १९०४ मध्ये जॉन सी. विन्स्टनकडे. त्यामुळे '१८६८' एवढं लिहिलेली प्रत त्या सालापासून पुढच्या तीनचार दशकांतली कधीचीही असू शकते.

माझ्या कण्यावर लोरिंगचं नाव होतं, म्हणजे निदान १८८१ नंतरचं पुस्तक नव्हतं. पण १८६८ ते १८८१ हाही काही लहान पट्टा नाही.

आणखी एक फसवी जागा प्रस्तावनेत आहे. तिच्या शेवटी 'न्यूयॉर्क, एप्रिल १८६८' असं छापलंय. नवखा माणूस ते वाचून निर्धास्त होतो. तीही प्लेटेवरच आहे. पण प्रस्तावना वाचायला हवीच, कारण तिच्यात लेखकानं स्वतःच सांगितलंय की ही गोष्ट १८६७ मध्ये एका मुलांच्या मासिकात क्रमशः आली, वाचकांना आवडली, म्हणून ती पुन्हा लिहून बरीच वाढवली आणि एका मालिकेचं पहिलं पुस्तक म्हणून आता देत आहोत. ही गोष्ट पुढे माझ्या कामी आली.

लेखक होरेशो अ‍ॅल्जर, जन्म १८३२, मृत्यू १८९९. गोष्ट न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूट पॉलिश करणाऱ्या डिकची. पहिल्याच पानावर तो एका लाकडी खोक्यात, गवतावर झोपलेला आहे आणि कुणीतरी त्याला दरडावून उठवतं. शेवटी तो एका पेढीवर नोकरीला लागतो आणि आपलं नाव रिचर्ड हंटर असं सांगू लागतो. अशा मुलांसाठी न्यूयॉर्कमध्ये फुल्टन स्ट्रीटवर एक वसतिगृह होतं. अ‍ॅल्जर तिथे जात असे, मुलांशी बोलत असे. रस्त्यांची नावं, पैशाचे हिशेब, मुलांची भाषा तिथून आलेली आहे. मला हे पुस्तक आवडतं ते या तपशिलांसाठी. डिकच्या खिशात किती सेंट आहेत, हे जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कळत राहतं.

मालिकेत सहा पुस्तकं आहेत. 'रॅग्ड डिक' आणि 'फेम अँड फॉर्च्युन' १८६८ मध्ये, 'मार्क द मॅच बॉय' आणि 'रफ अँड रेडी' १८६९ मध्ये, 'बेन द लगेज बॉय' आणि 'रूफस अँड रोझ' १८७० मध्ये. १८७१ मध्ये 'टॅटर्ड टॉम'पासून नवी मालिका सुरू झाली. ही सालं पाठ असली की पुढचं काम निम्मं होतं.

शेवटची दोन पानं

त्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "आमच्याकडे पुष्कळ पुस्तकांची पहिली पानं फाटलेली यायची. मग आम्ही मागची जाहिरात बघायचो. प्रकाशकाची बाकीची कुठली पुस्तकं निघालीत त्यावरून साल कळायचं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. अ‍ॅल्जरचे संग्राहक पहिल्या आवृत्तीची पहिली खूण म्हणून हेच सांगतात : जाहिरातीत 'फेम अँड फॉर्च्युन' 'डिसेंबरमध्ये येणार' असं असलं पाहिजे. पुस्तक मे १८६८ मध्ये निघालं तेव्हा दुसरा भाग निघालेला नव्हता. म्हणजे त्या वेळच्या जाहिरातीत तो 'येणार' असाच असणार. ही खूण मी विक्रेत्याला विचारलीही होती. त्याचं उत्तर आलं होतं, मागे जाहिरात नाही.

माझ्या हातातल्या प्रतीतही जाहिरात दिसत नव्हती. शेवटचं पान, मग कोरं पान, मग पुठ्ठा. आईनं शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र घडी घालून शिवलेल्या पानांचा जुडगा, बोटात धरून चिमटीनं हलवला आणि म्हणाली, "हे पान जाड लागतंय."

खरंच जाड होतं. केव्हातरी ओल लागून शेवटची दोन पानं बाहेरच्या कडेला एकमेकांना चिकटली होती. कडेवर पिवळट डागाची एक रेघ होती, तीच मी साधा डाग समजले होते. ओढून काढलं तर कागदाचा पापुद्रा निघतो, हे आईनं शंभर वेळा पाहिलं होतं. पाणी लावायचं नाही, वाफ द्यायची नाही. स्वयंपाकघरातली बांबूची एक पातळ पट्टी तिनं दगडावर घासून आणखी पातळ केली आणि वरच्या कोपऱ्यातून, जिथे पानं सुटी होती तिथून, आत सरकवली. एका वेळी नखाएवढं. जिथे अडलं तिथे थांबायची, खालच्या बाजूनं यायची. वीस मिनिटांनी पानं सुटली. एका जागी मसूराच्या दाण्याएवढा पापुद्रा पलीकडे गेला, बाकी सगळं शाबूत.

आत जाहिरात होती. 'रॅग्ड डिक मालिका, सहा खंडांत पूर्ण.' सहाही नावं, 'रूफस अँड रोझ'सकट. त्याखाली नव्या मालिकेचं पहिलं पुस्तक, 'टॅटर्ड टॉम'.

म्हणजे १८७१ च्या आधीचं काहीच नाही. पहिल्या आवृत्तीचा प्रश्न तिथेच संपला. खरं सांगायचं तर त्या क्षणी वाईट वाटलं. आईनं चहा ठेवला आणि काही बोलली नाही.

जाहिरातीवर किती विसंबायचं

दुसऱ्या दिवशी डोकं शांत झाल्यावर वाटलं, विक्रेत्याला लिहायच्या आधी आपली बाजू पक्की करावी. जाहिरातीचा पुरावा जितका सोपा दिसतो तितका नसतो. प्रकाशक छापलेले फर्मे कोरडे करून ठेवत आणि मागणी येईल तशी बांधणी करून घेत. १८६८ मध्ये छापलेला मजकूर १८७१ मध्ये बांधला जाऊन त्याला नवी जाहिरात जोडली गेली, असंही घडू शकतं. तेव्हा जाहिरातीचं पान मजकुरासोबत छापलंय की बांधताना चिकटवलंय, हे बघावं लागतं.

ते शिलाईतून कळतं. पुस्तक फार न उघडता, कण्याकडे उजेड पाडून फर्म्याचा मधला दोरा शोधायचा. दोऱ्याच्या एका बाजूला जे पान आहे त्याचं जोडपान दुसऱ्या बाजूला असतं, दोन्ही मिळून एकच कागद. माझ्या प्रतीत जाहिरातीच्या पानाचं जोडपान शेवटच्या प्रकरणातलं निघालं. कागदाचा पोत तोच, रंग तोच, दोरा सलग. म्हणजे जाहिरात आणि गोष्टीचा शेवट एकाच वेळी यंत्रावर होते. चिकटवलेलं पान असतं तर घडीजवळ गोंदाची बारीक कड लागली असती.

मग प्लेटांची झीज. भिंगातून पाहिलं तर काही ओळींच्या टोकाची अक्षरं बोथट झालेली होती. एका पानावरचा पूर्णविराम अर्धाच राहिला होता. प्लेटा बऱ्याच वेळा यंत्रावर चढल्याची ती लक्षणं. ही खूण एकटी असती तर मी तिच्यावर फार भर दिला नसता, कारण शेजारी ठेवायला नक्की पहिली असलेली प्रत हवी. पण बाकीच्या पुराव्याशी ती जुळत होती.

उलट बाजूनं, म्हणजे 'यापेक्षा उशिराची नाही' हे सांगणारी खूण पुढच्या कोऱ्या पानावर होती. तपकिरी शाईत एका मुलाचं नाव, खाली 'आईकडून' आणि 'नाताळ १८७१'. नाव इथे देत नाही. अशा अर्पणाच्या ओळी बाजारात पुस्तकाची किंमत थोडी कमी करतात, 'लिहिलेली प्रत' म्हणून. मला त्या फार मोलाच्या वाटतात, कारण प्रकाशकानं न सांगितलेली तारीख एखादी आई सांगून जाते. तिच्यावरही आंधळा भरवसा ठेवायचा नाही. कोरं पान नंतर बदललेलं असू शकतं, दुसऱ्या पुस्तकातलं लावलेलं असू शकतं. तेव्हा ते पान पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेल्या कागदाशी सलग आहे का ते पाहिलं. सलग होतं, मधल्या घडीवर कागद कुठेच तुटलेला नव्हता. शाई कागदात मुरलेली, मागच्या बाजूला तिची पुसट सावली.

तेव्हा प्रत १८७१ मधली, आणि त्या वर्षीच्या नाताळाच्या आत दुकानातून घरी गेलेली. तारीख न छापलेल्या पुस्तकाचा काळ एका वर्षात बसवता येणं ही विरळाच गोष्ट. पहिल्या आवृत्तीच्या नादात ती माझ्या हातून निसटली असती.

या क्षेत्रात छापील संदर्भही जपून वापरावे लागतात. अ‍ॅल्जरचं १९२८ मध्ये आलेलं पहिलं चरित्र हर्बर्ट मेज यांनी जवळजवळ सगळं रचून लिहिलं होतं, डायरीसकट. ती डायरी कधी नव्हतीच. तरी कित्येक वर्षं कोशांतून त्याचे हवाले दिले गेले. मेज यांनी १९७० च्या दशकात ते कबूल केलं. संग्राहकांना खरा आधार मिळाला तो राल्फ गार्डनर यांच्या १९६४ च्या पुस्तकातल्या सूचीनं आणि नंतर बॉब बेनेट यांच्या १९८० च्या सूचीनं. या सूच्या तयार करणारी माणसं स्वतः संग्राहक होती. प्रती शेजारी शेजारी ठेवून, जाहिराती मोजून त्यांनी हे काम केलं.

आणि ही अडचण एकट्या अ‍ॅल्जरची नाही. जेकब अ‍ॅबटच्या रोलो या मुलाच्या गोष्टींची पुस्तकं १८३५ पासून निघाली, एल्सी डिन्समोर या मुलीच्या मालिकेची अठ्ठावीस पुस्तकं १८६७ ते १९०५ या काळात. मालिका जितकी लोकप्रिय तितकी पहिल्या भागाची पुनर्मुद्रणं जास्त, कारण नवा भाग आला की नवी मुलं पहिल्यापासून सुरुवात करतात. पहिला भाग सगळीकडे दिसतो आणि त्याची पहिली छपाई कुठेच दिसत नाही, याचं कारण हेच. शिवाय ही मुलांची पुस्तकं. ती हातोहात फिरली, चर्चच्या रविवारच्या शाळांच्या कपाटांत गेली, पावसात भिजली, भावंडांनी वाटून घेतली. जपून ठेवायला ती कुणी घेतलीच नव्हती.

मासिक

विक्रेत्याला लिहिण्याआधी मी आईला घेऊन अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत गेले. १८१२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था वूस्टरमध्येच आहे. विसाव्या शतकाआधीचं अमेरिकेतलं छापील साहित्य जमवणं हे तिचं मुख्य काम आणि तिथली बालपुस्तकं नावाजलेली आहेत. वाचनकक्ष संशोधनासाठी मोफत खुला आहे. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. पुस्तक फोमच्या उतरत्या पाळण्यात ठेवून वाचायचं. आई तो पाळणा हातानं चाचपून बघत राहिली. "आपल्याकडे हे दहा डॉलरमध्येसुद्धा होईल," म्हणाली.

मी 'स्टुडंट अँड स्कूलमेट'चा १८६७ चा बांधीव खंड मागितला. हेच ते मासिक. बॉस्टनहून निघायचं आणि त्याचे काही वर्षं संपादक होते विल्यम टेलर अ‍ॅडम्स, म्हणजेच मुलांचे लाडके लेखक 'ऑलिव्हर ऑप्टिक'. जानेवारीच्या अंकात डिक आहे. तोच खोका, तेच गवत, तोच दरडावणारा आवाज. बारा महिने, बारा हप्ते. पुस्तकापेक्षा आटोपशीर गोष्ट. लोरिंगचं वॉशिंग्टन स्ट्रीटवर ३१९ नंबरला पुस्तकांचं दुकान होतं आणि भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय. मुलं काय मागतात हे त्याला काउंटरवरच कळत असणार. त्यानं ही गोष्ट पुस्तकरूपात आणली.

तिथे बसल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. डिक छापील कागदावर पहिल्यांदा आला तो या मासिकात, जानेवारी १८६७ मध्ये. 'पहिलं' म्हणजे काय, याची उत्तरं तीन आहेत : मासिकातला पहिला हप्ता, मे १८६८ ची पहिली छपाई, आणि एखाद्या मुलाच्या हातात पहिल्यांदा पडलेली प्रत. बाजार फक्त मधल्या उत्तराला पैसे देतो.

हिशेब

विक्रेत्याला मी चार छायाचित्रं पाठवली : जाहिरात, शिलाईचा दोरा, नाताळची ओळ आणि पुढच्या कागदाची घडी. सोबत अर्धं पान मजकूर. आरोप केला नाही, काय दिसतं आणि त्यावरून काय ठरतं एवढंच लिहिलं. पानं चिकटलेली असल्यामुळे जाहिरात त्याला दिसली नसणार, हे मला पटत होतं. फक्त नोंदीच्या सालावरून 'पहिली आवृत्ती' लिहायला नको होतं, आणि ते मी स्पष्ट लिहिलं. त्यानं दोन पर्याय दिले. पुस्तक परत करून सगळे पैसे घ्या, किंवा ठेवून घ्या आणि अडीचशे परत घ्या.

परत करायचं माझ्या मनात होतं. त्या रात्री पुस्तक गुंडाळायला घेतलं आणि जाहिरातीचं पान पुन्हा एकदा दिव्याखाली तिरकं धरलं. पापुद्रा गेला होता तिथे काही अक्षरं गेलीत का, ते बघायचं होतं. तिरक्या उजेडात सहा नावांच्या डाव्या बाजूला काहीतरी चमकलं. शिसपेन्सिलीच्या खुणा. इतक्या फिकट, की सरळ उजेडात दिसत नव्हत्या. 'रॅग्ड डिक'पुढे बरोबरची खूण. 'फेम अँड फॉर्च्युन'पुढे. 'मार्क द मॅच बॉय'पुढे. 'रफ अँड रेडी'पुढे एक खूण करून खोडलेली, मग पुन्हा केलेली. 'बेन'पुढे काही नाही. 'रूफस अँड रोझ'पुढे काही नाही. 'टॅटर्ड टॉम'पुढे एक छोटी फुली.

आईला बोलावलं. तिनं चष्मा लावून पान खालीवर केलं. "वाचून झाली त्याला खूण केली असेल," ती म्हणाली, "नाहीतर घरात कुठली आहेत ती." थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "फुलीचं हवं असेल. आमच्याकडे मुलं मागणी-वहीत अशीच फुली करायची."

नक्की काय ते कुणालाच सांगता येणार नाही. पण पहिल्या आवृत्तीच्या प्रतीत हे पान असूच शकलं नसतं. तिच्यात सहा नावं नसतात, खुणा करायला यादीच नसते. मालिका पूर्ण झाल्यावर पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करणारा वाचक फक्त अशाच प्रतीत सापडतो.

मी अडीचशे डॉलर परत घेतले आणि पुस्तक ठेवलं. तेव्हापासून लोरिंगच्या त्याच काळातल्या छपाईतली बाकीची पाच शोधते आहे. 'मार्क' मिळालंय, हिरव्या कापडातलं, शेवटी तीच यादी. कुणी विचारलं की मी आता आधी मागच्या पानांचं छायाचित्र मागते आणि पानं सुटी आहेत का ते विचारते.

माझ्या संग्रहाची नोंदवही आईनं त्या उन्हाळ्यात लावून दिली, वाचनालयात असायची तशी, लाल रेघा मारून. या पुस्तकाची ओळ तिच्या अक्षरात आहे :

'दाखल क्र. ४१. रॅग्ड डिक. लोरिंग, बॉस्टन. हक्कनोंद १८६८. छपाई १८७१, नाताळपूर्वी. शेवटचं पान किंचित दुखावलेलं. यादीवर वाचकाच्या खुणा आहेत, पुसू नयेत.'